तीन वर्षांच्या बोलीवर बांधलेलं जहाज छत्तीस वर्षं कसं चाललं? (जुनी विक्रांत, सीहॉक, अलिझे वगैरे)

गलबत्या (धागाकर्ता)

२०२२ च्या सप्टेंबरात कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हापासून जुन्या विक्रांतचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात. एक, एकाहत्तरचा पराक्रम. दोन, तिला भंगारात काढल्याची हळहळ. दोन्ही रास्त आहेत, पण मुळात हे जहाज कसल्या जातीचं होतं आणि कुणी कशाच्या घाईत बांधायला घेतलं, याकडे सहसा कोणी वळत नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, भांडायचं असेल तर मुद्द्यावर भांडावं.

१९४२ साल. ब्रिटिश नौदलाची 'करेजस', 'ग्लोरियस' आणि 'आर्क रॉयल' ही विमानवाहू जहाजं एकामागोमाग बुडालेली. एप्रिलमध्ये जपान्यांनी श्रीलंकेजवळ 'हर्मिस'ही बुडवली (आपली 'विराट'ही मूळची हर्मिसच, पण ही तिच्या आधीची, दोन्हींची गल्लत नको). चिलखती डेकची मोठी विमानवाहू जहाजं बांधायला वर्षानुवर्षं लागणार आणि तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता. मग तोडगा निघाला तो 'लाइट फ्लीट कॅरियर'चा. चिलखत काढून टाका, मोठ्या तोफा काढून टाका, सांगाडा व्यापारी जहाजांच्या नियमाप्रमाणे बांधा, म्हणजे ज्या गोद्यांनी कधी युद्धनौका बांधलेली नाही त्यांनाही काम देता येईल. आयुष्य किती धरलं? युद्ध संपेपर्यंत, किंवा फार तर तीन वर्षं!

अशी १६ जहाजं मागवली गेली. शेवटच्या सहांचं डेक जड विमानांसाठी मजबूत केलं, ती मॅजेस्टिक वर्गाची. त्यातलं 'हर्क्युलिस' म्हणजे आपली विक्रांत. १९४३ मध्ये टाइन नदीवरच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत कील (तळाचा कणा) पडली आणि २२ सप्टेंबर १९४५ ला जलावतरण झालं. जपानची शरणागती झाली होती २ सप्टेंबरला. म्हणजे वऱ्हाड निघालं तेव्हा लग्न लागून गेलं होतं. काम जवळपास तीन चतुर्थांश झालेलं असताना थांबलं आणि सांगाडा दहा-अकरा वर्षं नुसता नांगरून पडला. जानेवारी १९५७ मध्ये भारताने तो घेतला, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फमध्ये पूर्ण करून घेतला. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात आली आणि नोव्हेंबरात मुंबईला पोचली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू.

ती दहा-अकरा वर्षं वाया गेली असं वाटतं, पण खरा फायदा तिथेच झाला. मधल्या काळात ब्रिटिशांनीच तीन गोष्टी शोधून काढल्या: तिरपं डेक (उतरायची पट्टी जहाजाच्या रेषेला तिरपी), वाफेवरचं कॅटापल्ट (विमानाला धक्का देऊन डेकवरून उडवणारं यंत्र) आणि उतरताना वैमानिकाला वाट दाखवणारा आरसा. १९४५ मध्ये पूर्ण झाली असती तर सरळ डेकचं, पंख्याच्या विमानांचं जहाज मिळालं असतं. उशीर झाला म्हणून जेट विमानांचं मिळालं.

कोलीवाडा_लाइव्ह

वाचतोय. वऱ्हाडाचं वाक्य आवडलं 😄

एक शंका. व्यापारी जहाजाच्या नियमाने बांधलं म्हणजे कच्चं बांधलं असं का? एक टॉर्पेडो बसला की खलास?

गलबत्या

@कोलीवाडा_लाइव्ह, कच्चं नाही, साधं. पत्रा, जोडकाम, आतली मांडणी व्यापारी पद्धतीची. यंत्रं मात्र पक्की युद्धनौकेची होती. क्रूझरवर जो संच बसायचा त्याचा अर्धा यात बसवला: चार बॉयलर, दोन टर्बाइन, ४०,००० अश्वशक्ती, वेग साधारण २५ नॉट. दोन बॉयलर आणि एक टर्बाइन अशा दोन जोड्या, त्याही समोरासमोर नाहीत. एक उजवीकडे पुढे, दुसरी डावीकडे मागे. टॉर्पेडो लागला तर एक जोडी जाईल, दुसरीवर घर गाठता येईल.

दुसरी नशिबाची गोष्ट हँगरची, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायच्या जागेची. उंची साडेसतरा फूट ठेवली, कारण युद्धात अमेरिकेकडून येणारी विमानं पंख वर दुमडून उभी करायची होती. त्याच उंचीमुळे पुढे चाळीस वर्षांनी सी हॅरियर हे लढाऊ विमानही आत मावलं. चिलखती डेकच्या काही मोठ्या ब्रिटिश जहाजांची हँगर याहून बुटकी होती आणि जेटच्या जमान्यात त्यांचे हाल झाले. स्वस्तातल्या जहाजाला जागा जास्त मिळाली, हा सगळा गमतीचा भाग आहे.

मीनल_वास्को

छान धागा. वास्कोत राहते, त्यामुळे बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय म्हणजे आमच्याकडे पाहुणे आले की ठरलेली फेरी. मुलं हेलिकॉप्टरकडे धावतात, मी विक्रांतवरच्या सीहॉक जेटपाशी थांबते.

सीहॉकला शेपटीत धुराडं नाही हे किती जणांच्या लक्षात येतं? मागून बघा, शेपटी निमुळती बंद. इंजिन एकच, रोल्स-रॉइस नीन, पण त्याचा झोत मध्येच दोन फाट्यांत विभागून पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर काढलाय. हात लावण्याइतक्या उंचीवर ती दोन भोकं दिसतात. त्यामुळे मागचं अख्खं धड इंधनासाठी मोकळं झालं आणि समुद्रावर इंधनाइतकं मोलाचं काय असतं! नाकाखाली चार २० मिमी तोफांची तोंडं, शेपटीखाली हुक. शेजारी उभं राहिलं की पहिला विचार येतो तो विमान किती लहान आहे याचा. १८ मे १९६१ ला याच जातीचं विमान घेऊन लेफ्टनंट ताहिलियानी विक्रांतवर उतरले. तिच्यावरचं ते पहिलं जेट लँडिंग. पुढे तेच नौदलप्रमुख झाले.

अलिझे, म्हणजे विक्रांतवरचं पाणबुड्या शोधणारं विमान, त्यामानाने धिप्पाड आणि, खरं सांगायचं तर, कुरूप. फ्रेंचांनी एवढं कुरूप काही बनवलं यावर विश्वास बसत नाही. पण नीट बघितलं की प्रत्येक गाठीला कारण सापडतं. पंखांतून पुढे आलेले दोन फुगवटे चाकं आत घेण्यासाठी, आणि त्यांच्याच पुढच्या भागात सोनोबॉय भरायचे, म्हणजे पाणबुडीचा आवाज ऐकायला समुद्रात टाकायची उपकरणं. पोटातून खाली उतरणारं रडारचं गोल कवच, काम झालं की आत. तीन माणसं, एक डार्ट टर्बोप्रॉप.

इंजिनरूम_काका

मर्चंट नेव्हीत वाफेच्या जहाजांवर नोकरी झाली, त्यामुळे बॉयलरवर चार शब्द लिहायचा अधिकार घेतो.

एकाहत्तरच्या गोष्टीत "बॉयलरला तडा होता" एवढं एक वाक्य असतं आणि लोक पुढे जातात. तो तडा कुठे होता हे बघा. या बॉयलरला वर एक वाफेचं ड्रम, खाली दोन पाण्याची ड्रम्स आणि मध्ये शेकडो नळ्या. नळी फुटली तर दोन्हीकडून बुच मारून काम चालवता येतं, आम्ही ते कैक वेळा केलंय. ड्रमला तडा म्हणजे गोष्टच वेगळी. विक्रांतच्या पाण्याच्या ड्रममध्ये थकव्याचे तडे सापडले ते १९७० च्या जूनमध्ये. तापणं-निवणं, तापणं-निवणं, वर्षानुवर्षं, धातू दमतो. जाड ड्रमला वेल्डिंग केलं तर नंतर सबंध ड्रम भट्टीत घालून ताण काढावा लागतो, आणि तो तर जहाजाच्या पोटात. नाही केलं तर वेल्डिंगच्या कडेने पुन्हा तडकणार, या खेपेला दाबाखाली. दाबाखाली ड्रम गेलं तर बॉयलररूममधलं कोणी बाहेर येत नाही.

नवी ड्रम्स इंग्लंडहून मागवलेली. ती येईपर्यंत बॉयलर पेटवायचेच नाहीत असा हुकूम. आणि इकडे १९७१ उजाडलेलं. शेवटी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरलं की कमी दाबावर चालवून बघू. दाब ४०० पीएसआयवर बांधून घातला, पंख्याचे फेरेही बांधून घातले. वेग उतरला १४ नॉटांच्या आसपास. माझ्या मते त्या युद्धातले अर्धे शूर लोक डेकच्या खाली होते. वैमानिकाला निदान शत्रू दिसतो.

गलबत्या

काका, दंडवत! हे असं कोणी लिहिलेलं हवंच होतं.

यालाच जोडून: वेग कमी झाल्याने नुसतं सावकाश जायचं एवढंच नुकसान नव्हतं. कॅटापल्टलाही वाफ त्याच बॉयलरांची. चाळीत सगळे नळ एकाच टाकीवर असतात, टाकीचं पाणी खाली गेलं की सगळ्यांचीच धार बारीक होते, तसं. आणि विमानाला तर तिन्हींची बेरीज लागते: जहाजाचा वेग, समोरचा वारा आणि कॅटापल्टचा धक्का.

नुसता हिशेब म्हणून धरा की एखाद्या लादलेल्या विमानाला उडायला १०० नॉट लागतात. जहाज २४ नॉटने वाऱ्याच्या तोंडावर निघालं आणि वारा १० असला, तर कॅटापल्टने ६६ द्यायचे. जहाज १४ वर आलं आणि वारा ४ वर पडला की कॅटापल्टच्या डोक्यावर ८२. आणि डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा मंदच असतो. मग काय करायचं? बॉम्ब कमी करा नाहीतर इंधन कमी करा. प्रत्येक उड्डाणाला ही घासाघीस.

टिळकरोड

सगळं मान्य, पण थोडं विरुद्ध बाजूने. विक्रांतला पूर्वेला पाठवलं ते पश्चिमेला न्यायची हिंमत नव्हती म्हणूनच ना? कराचीवर हल्ला केला तो क्षेपणास्त्र बोटींनी. पूर्व पाकिस्तानात समोर नौदल नावापुरतं, विमानदळ पहिल्या काही दिवसांत जमिनीवर बसलेलं. १९६५ मध्ये तर ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती आणि पाकिस्तानने बुडवल्याचं जाहीरही करून टाकलं. मग "निर्णायक" वगैरे विशेषणं जरा जास्तच होत नाहीत का?

गलबत्या

पश्चिमेला नेली नाही हे शहाणपण होतं, भित्रेपणा नव्हे. १४ नॉटचं जहाज पाणबुडीपासून पळू शकत नाही. पश्चिमेला पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच पाणबुड्या होत्या. त्यातल्याच 'हंगोर'ने ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' बुडवली आणि कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी आपलं एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं. जमिनीवरच्या तळावरून उडणाऱ्या स्वनातीत लढाऊ विमानासमोर टर्बोप्रॉप! विक्रांत तिथे असती तर काय झालं असतं याचा अंदाज त्यावरून करा.

पूर्वेला तिचं काम वेगळं होतं. ४ डिसेंबरला आठ सीहॉक कॉक्स बाजारवर गेली, त्याच दिवशी चितगाववर. पुढे खुलना, मोंगला. अलिझेंनीही बंदरांवर बॉम्ब टाकले. हेतू एवढाच की समुद्रमार्गे ना कुमक आत यावी, ना सैन्य बाहेर निसटावं. ढाक्यातल्या सैन्याला मागचं दार बंद झालं हे कळणं, याची किंमत मी तरी कमी धरणार नाही. "निर्णायक" हा शब्द मी वापरलेला नाही. तो लढा जमिनीवर जिंकला गेला. पण नाकेबंदी तिच्याशिवाय इतकी घट्ट झाली नसती.

टिळकरोड

ठीक, अर्धं मान्य. गाझीचं श्रेय कुणाला देणार? 😏

बंदरपाखाडी

गाझीवर मी लिहिते, आवडता विषय.

पीएनएस गाझी म्हणजे अमेरिकेची जुनी 'डायाब्लो', दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरची टेंच वर्गाची पाणबुडी. पाकिस्तानच्या ताफ्यात कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात येऊन-जाऊन करेल अशी तीच. १४ नोव्हेंबरला निघाली, थेट विक्रांतच्या मागावर. इकडे पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत अंदमानात एका निर्जन खाडीत, पोर्ट कॉर्नवॉलिसला, नेऊन लपवलेली. आणि विशाखापट्टणमला मात्र ती तिथेच असल्याचा देखावा. 'राजपूत' ही म्हातारी विनाशिका विक्रांत असल्यासारखे बिनतारी संदेश पाठवत होती. बाजारात मोठ्या जहाजाला पुरेल एवढ्या भाजीपाल्याची मागणीसुद्धा नोंदवली.

३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशीच फुटली. आपलं म्हणणं, राजपूतच्या डेप्थ चार्जनी (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब). त्यांचं म्हणणं, स्वतःच्या सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने. वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर श्रेय भाजीवाल्याला 😄. ती तिथे आली हेच मुळात फसवणुकीचं यश. कशाने फुटली हा पुढचा प्रश्न.

पंपास_पाटील

नोकरीनिमित्त अर्जेंटिनात होतो, म्हणून वाऱ्याचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

१९८२. फॉकलंडचं युद्ध. अर्जेंटिनाचं विमानवाहू 'व्हेइंतिसिंको दे मायो', म्हणजे मूळचं ब्रिटिश 'व्हेनरेबल'. विक्रांतच्याच लाइट फ्लीट घराण्यातलं, थोरल्या कलोसस वर्गाचं. १ मेच्या रात्री ब्रिटिश ताफ्याचा ठावठिकाणा लागला, २ मेच्या पहाटे स्कायहॉक विमानं बॉम्ब लादून पाठवायची तयारी. आणि वारा पडला! दक्षिण अटलांटिकमध्ये, जिथे वारा कधी थांबत नाही म्हणतात. पूर्ण लादलेलं स्कायहॉक त्या जहाजावरून उडणं शक्य नव्हतं. हल्ला रद्द. त्याच दिवशी अर्जेंटिनाची क्रूझर 'बेल्ग्रानो' बुडाली, आणि हे जहाज बंदरात गेलं ते युद्ध संपेपर्यंत बाहेर आलं नाही. तिथले जुने नौसैनिक अजून त्या पहाटेविषयी बोलतात.

एकाच नकाशावरची दोन जहाजं, दोघांचा शत्रू एकच: मंद वारा.

कोलीवाडा_लाइव्ह

हे माहीत नव्हतं!! मग विक्रांतवर पुढे यावर काही उपाय केला की नाही?

गलबत्या

केला, आणि दोन हप्त्यांत. १९७९ ते ८२ च्या मोठ्या दुरुस्तीत बॉयलर नवे बसले. १९८३ मध्ये सी हॅरियर आली. हॅरियरला कॅटापल्ट लागतच नाही, इंजिनाचे झोत खाली वळवून ती उडते आणि सरळ खाली उतरते. मग १९८७ ते ८९ मध्ये कॅटापल्टच काढून टाकलं आणि डेकच्या टोकाला चढणीचा स्की-जंप बसवला. वाफेवरचं अवलंबन तिथे अर्धं संपलं.

याची किंमत अलिझेने मोजली. कॅटापल्ट गेलं म्हणजे तिला डेकवरून उडता येईना. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती गोव्याच्या 'हंसा' तळावरून उडत राहिली. पाणबुडी शोधायचं काम सी किंग हेलिकॉप्टरांकडे गेलं. माझं प्रामाणिक मत, हा सौदा घाट्याचा नव्हता, पण अलिझे जितका वेळ हवेत राहून समुद्र चाळायची तितकं हेलिकॉप्टरला जमत नाही.

इंजिनरूम_काका

नव्या विक्रांतवर तर बॉयलरच नाहीत, चार गॅस टर्बाइन आहेत. बरं झालं. वाफेचं प्रेम मला आहे, पण ते माझं मला. वीस वर्षांच्या पोराला त्या उष्णतेत उभं करायला नको.

लालबाग_परळ

सगळे रचनेवर बोलताय म्हणून भावनेचं मी बोलतो. नेव्ही वीकमध्ये मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटच्या रांगेत बाबांनी उभं केलेलं आठवतं. विमानं वर-खाली नेणाऱ्या लिफ्टवर आम्हा पन्नासेक पोरांना एकदम उभं केलं आणि अख्खी जमीनच खाली गेली. कुणीतरी रडलं, मी नव्हतो (बहुतेक).

आणि त्याच जहाजाला ६० कोटींना विकलं. २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात, जिथे जहाजं तोडतात, गॅस कटर लागले. एवढ्या श्रीमंत शहराला एक जहाज सांभाळता येऊ नये? संग्रहालय म्हणून अमेरिकेत 'मिडवे' आहे, 'इंट्रेपिड' आहे. लंडनमध्ये 'बेलफास्ट' आहे.

हिशेबनीस

@लालबाग_परळ, भावना पोचल्या, आता कडू बोलतो.

३१ जानेवारी १९९७ ला निवृत्ती, २००१ पासून संग्रहालय म्हणून अधूनमधून लोकांसाठी खुली, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद. म्हणजे निवृत्तीनंतर पंधरा वर्षं ती खाऱ्या पाण्यात उभी. पाण्यातलं जहाज दर काही वर्षांनी सुक्या गोदीत नेऊन तळ खरवडायला, पत्रे बदलायला लागतात. ७०० फुटी जहाजासाठी मुंबईत सुकी गोदी कोणाची? नौदलाची. आणि तिथे चालू जहाजांची रांग. राज्य सरकारने खर्च झेपत नाही म्हणून हात वर केले. 'विराट'साठी तर २०१८ मध्ये निवतीजवळ ८५२ कोटींची योजना मंजूर झाली होती. काय झालं? २०२० मध्ये तीही अलंगला तोडायला गेली.

टिकतात ती जहाजं पाण्याबाहेर काढलेली. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी वाळूवर ओढून ठेवलीय, जपानची 'मिकासा' काँक्रीटमध्ये बसवलीय. तरंगतं संग्रहालय म्हणजे कायमचा खर्च, आणि तो करायची तयारी असेल तरच हट्ट धरावा.

लालबाग_परळ

तुमचा हिशेब बरोबर असेल. तरी लायन गेटसमोरचं ते स्मारक बघून पोट भरत नाही. तिच्याच पोलादाचं आहे, हे खरं. आणि तिच्या पोलादाची मोटारसायकल निघाली, ती शेजाऱ्याने घेतली. टाकीवर हात फिरवून बघितला. काही वाटलं नाही.

मीनल_वास्को

विमानं तरी वाचली म्हणायची. सी हॅरियरही ११ मे २०१६ ला इथेच हंसावर निवृत्त झाली. उन्हापावसात उभी असतात बिचारी, रंग उडतो, पण आहेत. पावसाळा सोडून या, दाखवीन.

टिळकरोड

एक राहिलंच. धाग्यात वर सहा मॅजेस्टिक म्हटलंय. विक्रांत सोडून बाकीच्या पाच कुठे गेल्या?

गलबत्या

दोन ऑस्ट्रेलियाकडे: 'सिडनी' आणि 'मेलबर्न'. मेलबर्न पुढे भंगार म्हणून चीनने घेतली आणि तोडण्याआधी बारकाईने अभ्यासली. दोन कॅनडाकडे: 'मॅग्निफिसंट' आणि 'बोनाव्हेंचर'. सहावी 'लेव्हायथन' कधी पूर्णच झाली नाही. गोदीत वीसेक वर्षं पडून १९६८ मध्ये तोडायला गेली.

पण तिचे बॉयलर वाचले. त्याच वर्षी डच नौदलाच्या 'कारेल डोरमन'च्या बॉयलररूममध्ये आग लागली होती, म्हणून लेव्हायथनचे बॉयलर काढून तिच्यात बसवले. आणि ती कारेल डोरमन लगेच विकली गेली अर्जेंटिनाला. @पंपास_पाटील, तुमची व्हेइंतिसिंको दे मायो ती हीच.

पंपास_पाटील

म्हणजे त्या पहाटे खाली जळत होते ते विक्रांतच्या सख्ख्या बहिणीचे बॉयलर? काका, ऐकताय ना?

इंजिनरूम_काका

ऐकतोय. वाऱ्याला दोष देण्याआधी त्या पहाटे कितीचा दाब धरला होता ते विचारून सांगा तुमच्या नौसैनिकांना.